मधमाशीच्या डोक्यातली भूछत्रे

कीटकाला आठवण असते का, हा प्रश्न जुना. ती तो ठेवतो कुठे, हा त्यामानाने नवा. त्याची सुरुवात मी १८५० पासून धरतो. फ्रान्समधल्या रेन येथे प्राध्यापक असलेल्या फेलिक्स द्युजार्दँ यांनी त्या वर्षी मधमाशीच्या मेंदूतल्या, देठावर छत्री धरावी तशा दिसणाऱ्या भागांचे वर्णन केले. ही भूछत्रे वसाहत करून राहणाऱ्या माश्या-मुंग्यांत मोठी दिसतात, म्हणून बुद्धीचे ठाणे तिथेच असावे, असा त्यांचा तर्क. कीटक म्हणजे उपजत प्रेरणेवर चालणारे यंत्र, असे सर्रास मानले जात असताना हे म्हणणे धाडसाचे होते. पण पुरावा फक्त आकाराचा, आणि पुढे तोही डळमळला. २०११ साली दाखवण्यात आले की, दुसऱ्या कीटकांच्या अंगावर अंडी घालणाऱ्या एकांड्या गांधीलमाश्यांच्या वंशात भूछत्रे आधीच भरघोस झाली होती. वसाहती नंतर आल्या.

या इतिहासात मला सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटते ते फ्रेडरिक केन्यन या अमेरिकन संशोधकापाशी. गोल्जी यांच्या चांदीच्या क्षारांच्या पद्धतीत मोजक्याच पेशी काळ्या होतात, बाकीच्या फिक्या राहतात. म्हणून गुंत्यातला एकेक धागा सुटा दिसतो. ती पद्धत मधमाशीच्या मेंदूवर वापरून केन्यन यांनी १८९६ साली भूछत्रांतल्या पेशी शाखांसकट रेखाटल्या. वर छत्रीत गंधाची वार्ता घेणारी फांदी, देठातून खाली उतरणारा तंतू, पुढे त्याचे दोन फाटे. इंद्रियांकडून थेट स्नायूंकडे जाणारी वाट वेगळी, आणि तिच्यावर रचलेला हा वळसा वेगळा, असे त्यांनी मांडले. उपजत आणि शिकलेले यांतला फरक प्रथमच तारांच्या जोडणीत उतरला. १८९९ साली त्यांना अटक होऊन वेड्यांच्या इस्पितळात ठेवले गेले. ते संशोधनात परतले नाहीत. त्या पेशींना आज त्यांचेच नाव आहे. मधमाशीत त्या दर बाजूला सुमारे १,७०,००० असतात, फळमाशीत जेमतेम २,०००.

चित्र होते, प्रयोग नव्हता. तो १९७०च्या दशकात जर्मनीत रांडोल्फ मेंत्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. एक वास आणि लगेच साखरपाण्याचा थेंब, एवढ्या एकाच धड्यावर मधमाशी पुढच्या वेळी नुसत्या वासाला सोंड बाहेर काढते. धडा दिल्यावर बारीक थंड सुईने मेंदूचा एकेक भाग गारठवला. काही मिनिटांच्या आत भूछत्र गारठले तर धडा पुसला जाई. उशीर झाला तर टिके. डोळ्यांकडचा भाग गारठवून काही बिघडत नसे.

थंडीने सुचवले ते १९९४ साली वुर्त्सबुर्गच्या मार्टिन हायझेनबर्ग आणि डी बेल यांनी पक्के केले. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या फळमाशीच्या अळीला ठरावीक तासांत एक औषध चारले की भूछत्र घडवणाऱ्या मूळ पेशी मरतात. अशा माश्यांना वास येई, विजेचा झटकाही कळे. फक्त या वासानंतर झटका बसतो, ही सांगड त्यांना घालता येईना.

तरीही ‘भूछत्रांत’ हे उत्तर मला ढोबळ वाटते. वासागणिक केन्यन पेशींपैकी थोड्याच जाग्या होतात. त्याच वेळी झटका बसला की डोपामिन सोडणारे चेतातंतू कामाला लागतात आणि त्या थोड्या पेशींचे पुढच्या पेशींशी असलेले सांधे दुबळे पडतात. आठवण आहे ती या बदललेल्या सांध्यांत.

आणि सगळ्या आठवणी तिथे नाहीतच. फळमाशीच्या गंधज्ञानाचा अभ्यास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि मूळच्या गोवेकर कुटुंबातल्या वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७०च्या दशकातच सुरू केला होता. पुढे बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचा सहभाग असलेल्या संशोधनात २०११ साली दिसले की, सतत येणाऱ्या वासाची माशीला जी सवय होते, तिची नोंद भूछत्रापर्यंत जातच नाही. ती अलीकडे, शृंगिकांकडून वास प्रथम पोहोचतो त्या भागातच राहते.