पाण्याचे खाते, मिठाचे खाते

मे महिन्यात सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागेला ओलीत करणारा माणूस दुपारपर्यंत घामाने निथळून निघतो. लोटाभर पाणी पिऊनही त्याला लघवी होते ती थोडी आणि गडद पिवळी. ती तशी का होते, एवढाच या पुस्तिकेचा प्रश्न. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही.

आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातला दीड-दोन लिटरच बाहेर पडतो, बाकीचा रक्तात परततो. परत किती घ्यायचा, हे शेवटी हॉर्मोन ठरवतात. घामाने रक्त एक-दोन टक्के जरी घट्ट झाले तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला ते कळते. तहान लागते आणि पियुषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन सुटते. मूत्रपिंडातल्या संग्राहक नलिकांच्या पेशींत अ‍ॅक्वापोरिन-2 नावाची प्रथिने दडलेली असतात. व्हॅसोप्रेसिन पोचले की ती पेशीच्या पटलावर येऊन बसतात, आणि त्यांच्यातून पाणी भोवतीच्या खारट ऊतीकडे ओढले जाते. अशा पाणवाटांपैकी पहिली पीटर अ‍ॅग्र यांच्या गटाने ओळखली ती 1992 मध्ये. म्हणजे शास्त्रज्ञांनाही हे उशिराच उमगले. नवख्या वाचकाने धीर धरायला हरकत नाही.

व्हॅसोप्रेसिन सांभाळते ते पाणी. मिठाचे खाते वेगळे, आणि विद्यार्थी बहुधा इथेच घसरतात. रक्ताचा दाब उतरला की मूत्रपिंड स्वतःच रेनिन सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते, आणि मग अधिवृक्क ग्रंथीतले अल्डोस्टेरॉन सोडियम राखून ठेवते. उलट रक्त फार वाढले तर ताणलेले हृदयच मीठ बाहेर टाकायला लावणारे हॉर्मोन सोडते. डी बोल्ड यांनी 1981 मध्ये हे दाखवले, तेव्हा हृदयाकडे ग्रंथी म्हणून पाहणे भाग पडले. तासन्‌तास घाम गाळून नुसतेच पाणी ढोसले, तर रक्तातले सोडियम धोकादायक उतरू शकते, ते ही दोन खाती निराळी आहेत म्हणून.

2025 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधाने लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्या औषधातले डायइथिलीन ग्लायकॉल हे विष नलिकांच्या पेशीच मारते. मग हॉर्मोन कितीही आले तरी ऐकणार कोण? नलिकेच्या रचनेला आम्ही इतकी पाने दिली, ती यासाठीच.

वाचकाने आधी पाण्याचे प्रकरण वाचावे, मग मिठाचे. दोन्ही एका बैठकीत वाचू नयेत.