त्रिमितीय ध्वनी, दोन ध्वनिक्षेपकांवरील

समोर मांडलेल्या दोन साध्या ध्वनिक्षेपकांतून (लाउडस्पीकरांतून) वाजविलेले संगीत त्या दोहोंमधील जागेपुरते मर्यादित न राहता श्रोत्याच्या बाजूंस, पाठीमागे, डोक्यावर अथवा अगदी कानाशी उमटत आहे, असा आभास निर्माण करण्याच्या तंत्राचा विचार या नोंदीत केला आहे. चित्रपटगृहात हा परिणाम भिंतींवर अनेक ध्वनिक्षेपक बसवून साधतात. घरातील श्रोत्यापाशी मात्र दोनच ध्वनिक्षेपक व दोनच कान असतात. त्यामुळे या तंत्राचा इतिहास यंत्रांच्या सुधारणेचा जितका आहे, त्याहून अधिक श्रवणविषयक ज्ञानाचा आहे.

दोन कानांनी ऐकण्याचे महत्त्व ठळकपणे दिसून आले ते एका प्रदर्शनात. पॅरिस येथे १८८१ मध्ये भरलेल्या विद्युत् प्रदर्शनात क्लेमां आदेर (१८४१–१९२५) या फ्रेंच अभियंत्याने ऑपेरागृहाच्या रंगमंचाच्या कडेने दूरध्वनीचे प्रेषक ओळीने बसवून तेथील गायन तारांवाटे प्रदर्शनाच्या इमारतीत ऐकविले. वेगवेगळ्या प्रेषकांना जोडलेले दोन ग्राहक दोन्ही कानांशी धरले असता गायक रंगमंचावर एका बाजूकडून दुसरीकडे जात असल्याचे जाणवते, असा अनुभव श्रोत्यांना आला. याची उपपत्ती लॉर्ड रॅली (१८४२–१९१९) या ब्रिटिश भौतिकीविज्ञांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडली. बाजूने येणारा ध्वनी जवळच्या कानास आधी व दूरच्या कानास किंचित उशिरा पोहोचतो. हा फरक फार तर ०·६ ते ०·७ मिलिसेकंद इतका असतो, तरीही कमी कंप्रतेच्या (खर्जाच्या) ध्वनींची दिशा मेंदू त्यावरून ठरवितो. उच्च कंप्रतांची तरंगलांबी डोक्याच्या आकारमानाहून लहान असल्याने डोक्याची सावली पडते आणि दूरच्या कानास ध्वनी क्षीण ऐकू येतो. तेथे तीव्रतेतील फरक उपयोगी पडतो.

आदेर यांच्या श्रोत्याच्या प्रत्येक कानाला केवळ त्याच्या वाट्याचा ध्वनी मिळत होता. ध्वनिक्षेपकांची गोष्ट तशी नाही. डाव्या ध्वनिक्षेपकाचा ध्वनी डाव्या कानाबरोबरच सु. पाव मिलिसेकंदाने उजव्या कानासही पोहोचतो आणि उजव्याचा तसाच डाव्यास. या आडवाटेने येणाऱ्या ध्वनीचे काय करावयाचे, हाच या विषयातील मूळ प्रश्न होय व त्याची दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली गेली.

पहिले उत्तर ॲलन डाउअर ब्लमलाइन (१९०३–४२) या इंग्रज अभियंत्याचे. ईएमआय कंपनीत काम करीत असता त्यांनी १४ डिसेंबर १९३१ रोजी एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला. ३९४३२५ क्रमांकाचे हे ब्रिटिश एकस्व १९३३ मध्ये मंजूर झाले. त्यात ७० दावे असून पुढील अर्धशतकातील द्विमार्गी ध्वनिमुद्रणाचा बहुतेक पाया त्यात सापडतो. ब्लमलाइन यांची मर्मदृष्टी अशी : एकच संदेश दोन्ही ध्वनिक्षेपकांना दिला, परंतु एकास दुसऱ्याहून थोडा अधिक जोराने दिला, तर प्रत्येक कानाशी सरळ वाटेचा व आडवाटेचा असे दोन ध्वनी एकत्र येतात आणि त्यांच्या बेरजेत, खर्जाच्या बाबतीत, दोन कानांमधील कालफरक आपोआप उत्पन्न होतो. म्हणजे ध्वनिक्षेपकांतील केवळ तीव्रतेच्या फरकातून कानांशी निसर्गातल्यासारखा कालफरक मिळतो. आडवाटेचा ध्वनी येथे अडथळा नसून साधन आहे. याच एकस्वात दोन संदेशांची बेरीज व वजाबाकी करून वजाबाकीचा भाग कमीजास्त करण्याची युक्ती आहे. ध्वनिचित्र रुंद अगर अरुंद करण्यासाठी ध्वनिमुद्रणगृहांत आजही ती वापरतात. एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन संदेश कोरण्याची कल्पनाही त्यातलीच.

लंडनच्या ॲबी रोड येथील ध्वनिमुद्रणगृहात जानेवारी १९३४ मध्ये टॉमस बीचम यांच्या संचालनाखाली चाललेल्या मोट्सार्टच्या ‘ज्युपिटर’ सिंफनीचे ब्लमलाइन यांच्या पद्धतीने प्रायोगिक मुद्रण करण्यात आले. पुढच्या वर्षी हेज स्थानकातून धावणाऱ्या आगगाड्यांचा बोलपटही त्यांनी घेतला. यानंतर कंपनीचे लक्ष दूरचित्रवाणीकडे वळले, पुढे युद्ध सुरू झाले आणि रडारच्या चाचणीसाठी उडालेल्या विमानाला ७ जून १९४२ रोजी अपघात होऊन ब्लमलाइन वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी मृत्यू पावले.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत हार्वी फ्लेचर (१८८४–१९८१) यांनी वेगळी वाट धरली होती. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तीन स्वतंत्र मार्गांनी वॉशिंग्टन येथील सभागृहात ऐकविण्यात आला. बाजारात मात्र दोनच मार्ग टिकले. खाचेच्या दोन भिंतींच्या पद्धतीची द्विमार्गी ध्वनिमुद्रिका १९५८ मध्ये सर्वत्र विक्रीस आली. प्रारंभीच्या अनेक ध्वनिमुद्रिकांत या सोयीचा उपयोग वाद्ये आलटूनपालटून डावीकडे-उजवीकडे नाचविण्यापलीकडे फारसा झाला नाही. दोन ठिकाणांहून ध्वनी येणे व ध्वनीला अवकाश असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, याची जाणीव त्यांत दिसत नाही. ब्लमलाइन यांच्या पद्धतीलाही मर्यादा होतीच. केवळ तीव्रतेच्या फरकाने ध्वनिप्रतिमा दोन ध्वनिक्षेपकांना जोडणाऱ्या रेषेबाहेर जात नाही.

ती रेषा ओलांडण्यासाठी दुसरे उत्तर पुढे आले : आडवाटेचा ध्वनी पुसूनच टाकावयाचा. बेंजामिन बी. बाउअर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या कल्पनेचे सूत्र आढळते. बेल प्रयोगशाळेतील मानफ्रेट श्रोडर (१९२६–२००९) हे जर्मन भौतिकीविज्ञ व बिष्णू अटल (जन्म १९३३) हे भारतीय अभियंता यांनी १९६२-६३ मध्ये संगणकाच्या साहाय्याने ती सिद्ध करून दाखविली. अटल यांचा जन्म कानपूरचा असून लखनौ विद्यापीठ व बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था येथे त्यांचे शिक्षण झाले. वाणीच्या अंकीय प्रेषणातील त्यांचे पुढील कार्य इतके प्रसिद्ध आहे की, हे आरंभीचे कार्य त्यामागे काहीसे झाकले गेले.

त्यांची रीत समजण्यास सोपी, पण साधण्यास अवघड आहे. डाव्या ध्वनिक्षेपकाचा जो अंश उजव्या कानापर्यंत पोहोचणार, तेवढाच परंतु उलट्या कलेचा (फेजचा) ध्वनी उजव्या ध्वनिक्षेपकातून योग्य विलंबाने सोडावयाचा. उजव्या कानाशी दोन्ही भेटतात व एकमेकांस नाहीसे करतात. मात्र हा उलटा ध्वनी स्वतःही आडवाटेने डाव्या कानास जातो; तो पुसण्यासाठी डावीकडून आणखी एक सोडावा लागतो आणि ही मालिका क्षीण होत होत पुढे चालते. असे केल्यावर प्रत्येक कानास हवा तोच संदेश देता येतो, जणू ध्वनिक्षेपक कानांशीच लावले आहेत. मग पाठीमागून येणारा ध्वनी कानांशी जसा पोहोचला असता, तसा तो गणिताने घडवून दिला की मेंदू तो पाठीमागचाच मानतो. प्रतिध्वनिरहित खोलीत समोरच्या दोन ध्वनिक्षेपकांतून बाजूचे व मागचे ध्वनी ऐकू येऊ लागले.

या तंत्राचा सर्वांत भरीव उपयोग करमणुकीसाठी झाला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. श्रोडर व त्यांच्या गॉटिंगेन येथील सहकाऱ्यांनी यूरोपातील २२ संगीतगृहांची तुलना १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. प्रतिध्वनिरहित खोलीत मुद्रित केलेली तीच ‘ज्युपिटर’ सिंफनी प्रत्येक संगीतगृहाच्या रंगमंचावरून वाजवून प्रेक्षागारात ठेवलेल्या कृत्रिम मस्तकाच्या कानांतून पुन्हा मुद्रित करण्यात आली व वरील रीतीने श्रोत्यांस ऐकविण्यात आली. एका शहराच्या संगीतगृहातून दुसऱ्या शहराच्या संगीतगृहात श्रोता एका क्षणात जाऊ शकत होता. स्मृतीवर विसंबण्याचे कारण उरले नाही. दोन कानांस मिळणारे ध्वनी एकमेकांहून जितके भिन्न, तितके संगीतगृह अधिक पसंत पडते, असे आढळले. जुनी अरुंद सभागृहे गोड का वाटतात आणि रुंद, ठेंगण्या छताची नवी सभागृहे का वाटत नाहीत, याचे उत्तर त्यात होते. बाजूच्या भिंतींवरून येणारे परावर्तन पुरेसे मिळावे म्हणून ध्वनी विखुरणारे खाचांचे पृष्ठभाग श्रोडर यांनी पुढे संख्याशास्त्रीय श्रेढींवरून तयार केले.

उंची व पुढे-मागे यांचा भेद मात्र दोन कानांतील फरकावर अवलंबून नसतो. कानाच्या पाळीच्या घड्या काही कंप्रता वाढवितात, काही दाबतात. येन्स ब्लाउअर्ट यांनी १९६९-७० च्या सुमारास दाखविले की, अरुंद कंप्रतापट्टीचा ध्वनी प्रत्यक्षात समोर, वर किंवा मागे कोठेही असला, तरी सु. १ किलोहर्ट्‌झचा मागून व सु. ८ किलोहर्ट्‌झचा वरून आल्यासारखा वाटतो. प्रत्येकाची पाळी वेगळी असल्याने एकासाठी घडविलेला आभास दुसऱ्यास तितकासा पटत नाही. वरून येणारा ध्वनी दोन ध्वनिक्षेपकांवर साधणे आजही सर्वांत अवघड आहे, ते यामुळे.

चार ध्वनिक्षेपकांची चतुर्मार्गी पद्धत १९७० नंतरच्या दशकात बाजारात आली, पण एकमेकींशी न जुळणाऱ्या अनेक पद्धतींच्या गर्दीत ती बुडाली. त्यानंतर दोन ध्वनिक्षेपकांकडे पुन्हा लक्ष वळले. आडवाटेचा ध्वनी पुसणारी घरगुती उपकरणे अमेरिकेत १९७९ पासून मिळू लागली. संगीतनिर्मितीत तंत्राचा गाजलेला प्रवेश कॅनडातील कॅल्गरी येथे विकसित झालेल्या क्यूसाउंड पद्धतीमुळे झाला. मॅडोना यांचा ‘द इमॅक्युलेट कलेक्शन’ (१९९०), स्टिंग यांचा ‘द सोल केजेस’ (१९९१) व रॉजर वॉटर्स यांचा ‘अम्यूज्ड टू डेथ’ (१९९२) हे संग्रह तीत मुद्रित झाले. वॉटर्स यांच्या संग्रहातील ध्वनी ध्वनिक्षेपकांच्या बरेच बाहेरून आल्यासारखे ऐकू येतात आणि कथनाशी त्यांचे नाते आहे. अन्यत्र हा परिणाम बहुधा अलंकारासारखा वापरलेला दिसतो.

निर्मात्यापुढील पेच येथेच उभा राहतो. उलट्या कलेवर आधारलेला परिणाम दोन्ही मार्ग एकत्र केले की नाहीसा होतो, किंबहुना त्याबरोबर वाद्यही क्षीण होते. म्हणजे चांगल्या उपकरणांपुढे नेमक्या जागी बसलेल्या एका श्रोत्याला जी सारंगी मागून ऐकू येते, ती एकमार्गी रेडिओवर अथवा एकाच ध्वनिक्षेपकाच्या मोबाइलवर ऐकणाऱ्याला हरवलेली आढळते. तबकडीवर खर्जाचा असा संदेश कोरला, तर खाच वरखाली होऊन सुई उडते. श्रोत्याने मस्तक काही सेंटिमीटर हलविले, तरी उच्च कंप्रतांचे पुसणे बिघडते आणि शेजारी बसलेल्याला तर मूळ संगीताचा बदललेला रंगच पदरी पडतो. म्हणून जाणते ध्वनिमुद्रक मुख्य गायन, ताल व खर्ज मध्यभागी ठेवतात आणि अवकाशाचे खेळ पार्श्वभूमीच्या ध्वनींपुरते खेळतात. शिवाय मिश्रण एकमार्गी करून तपासतात.

या मर्यादा सैल करण्याचे प्रयत्न नंतरच्या काळात झाले. कृत्रिम मस्तकाच्या कानांशी ७१० दिशांनी येणाऱ्या ध्वनींची मापने मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९९४ मध्ये घेऊन ती सर्वांस खुली करण्यात आली. दोन ध्वनिक्षेपक एकमेकांच्या अगदी जवळ, श्रोत्यापासून सु. १० अंशांच्या कोनात ठेवल्यास मस्तक हलविण्यास अधिक मोकळीक मिळते, असे साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी १९९७-९८ च्या सुमारास दाखविले. मात्र त्यासाठी खर्जात फार शक्ती खर्ची पडते. प्रिन्स्टन विद्यापीठातील एडगर शुएरी यांनी पुसण्याचे प्रमाण कंप्रतेनुसार आवरून संगीताचा रंग न बिघडविणारे छानक (फिल्टर) तयार केले. कॅमेऱ्याने मस्तकाचा मागोवा घेऊन छानक क्षणोक्षणी बदलणारी उपकरणे आता मिळतात. ती एका श्रोत्याला खुर्चीत हलण्याची मुभा देतात. खोलीतील दुसऱ्या श्रोत्यासाठी ध्वनिक्षेपकांची संख्याच वाढवावी लागते.