राजासाठी उतारा

एखाद्या ज्योतिषाने ‘पुढचा काळ कठीण आहे’ असे सांगितले, की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “मग यावर काही तोडगा?” आणि तोडगा असतोच. कुठे शांत, कुठे दान, कुठे उतारा, कुठे वाहत्या पाण्यात सोडायची एखादी वस्तू. भविष्य आणि तोडगा ही जोडी फार जुनी आहे. तिचे अतिशय तपशीलवार लेखी पुरावे सापडले ते आजच्या इराकमधल्या मोसूल शहराजवळ, प्राचीन निनवे नगरीत.

निनवे ही असीरियाच्या साम्राज्याची राजधानी. इ.स.पू. ६१२ मध्ये शत्रूंनी ती जिंकून उद्ध्वस्त केली. कागद किंवा कातडे असते तर सारे नष्ट झाले असते, पण इथले लिखाण मातीच्या पाट्यांवर होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लेयार्ड आणि रस्साम यांच्या उत्खननांत तिथल्या राजग्रंथालयाच्या पाट्या हाती आल्या. पाट्या आणि त्यांचे तुकडे मिळून ही संख्या तीस हजारांच्या वर जाते. आज त्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

या पाट्यांत शकुनांचे मोठमोठे संग्रह आहेत. ‘एनुमा अनु एन्लिल’ हा आकाशातल्या शकुनांचा संग्रह सुमारे सत्तर पाट्यांचा आहे. ‘शुम्मा आलू’ या दुसऱ्या संग्रहात घरातल्या मुंग्या, साप, पाली, कुत्री यांच्यापासून मिळणारे शकुन आहेत. वाक्यांचा साचा एकच. ‘अमुक घडले, तर तमुक होईल.’

पण अपशकुन म्हणजे अटळ नियती नव्हे, असे या लोकांचे मत होते. अपशकुन ही देवांनी दिलेली सूचना. न्यायालयात निकालाविरुद्ध दाद मागावी, तशी शमश या सूर्यदेवापुढे दाद मागता येत असे. या विधींना ‘नामबुरबी’ म्हणत. त्याचा अर्थ ‘मोकळे करणे’, ‘सोडवणूक’.

असा एक विधी पाहू. कुत्र्याने अंगावर मुतणे हा मोठा अपशकुन. त्यावर उपाय असा : कुत्र्याची मातीची मूर्ती करायची. नदीकाठी शमशापुढे भाकऱ्या, खजूर, पीठ, मध, तूप आणि जवाची दारू मांडायची. ‘या कुत्र्याचे अरिष्ट माझ्यावरून काढ’ अशी विनवणी करून मूर्ती नदीत सोडायची. मग त्या माणसाने दारूच्या गुत्त्यात जाऊन यायचे. अनेक विधींत ‘आल्या वाटेने परत जाऊ नये’, ‘मागे वळून पाहू नये’ अशाही सूचना आहेत. तिठ्यावर उतारा टाकून मागे न पाहता घरी येणारी माणसे आपल्याला ठाऊक आहेत, त्यामुळे यात आपल्याला फारसे परके काही वाटत नाही.

कुत्र्याचे अरिष्ट भाकरी-खजुरांवर भागे. चंद्रग्रहणाचे मात्र भागत नसे, कारण ते खुद्द राजाच्या मृत्यूची सूचना देऊ शके. चंद्रबिंबाचे चार भाग चार देशांना वाटून दिलेले होते. ज्या भागावर सावली पडेल, त्या देशाच्या राजावर संकट. अशा वेळी बदली राजा नेमत. एखाद्या सामान्य माणसाला राजवस्त्रे घालून सिंहासनावर बसवायचे, त्याला एक राणी द्यायची, आणि सारे अपशकुन त्याच्या नावावर चढवायचे. हा काळ जास्तीत जास्त शंभर दिवसांचा असे. तेवढे दिवस खऱ्या राजाला पत्रांतून ‘शेतकरी’ असे संबोधत.

पुढे काय होई? इ.स.पू. ६७१-६७० च्या सुमाराचे, एसरहद्दोन राजाला त्याच्या एका अधिकाऱ्याने लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. अक्काद नगरीतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा मुलगा दम्की हा त्या वेळी बदली राजा होता. तो राणीसह मेला, दोघांना सजवून पुरले, शोक केला, सर्व विधी यथासांग पार पडले, असे पत्रात कळवले आहे. नगरातले लोक घाबरले होते, आम्ही त्यांना धीर दिला, असेही त्यात आहे. मृत्यू कसा आला हे न सांगताही कळण्यासारखे आहे. राजाचा उतारा म्हणून दोन जिवंत माणसे गेली.

आता प्रश्न असा, की हा तोडगा चुकीचा आहे हे त्या काळी कोणाच्या लक्षात येण्याची शक्यता होती का? चार शक्यता मांडून पाहू. तोडगा केला आणि संकट आले नाही, तर तोडगा लागू पडला. तोडगा केला तरी संकट आले, तर विधीत काही चुकले. तोडगा केला नाही आणि संकट आले, तर केला नाही म्हणूनच आले. तोडगा केला नाही आणि संकटही आले नाही, तर दुसऱ्या शुभ शकुनाने वाचवले. ग्रहणाच्या वेळी गुरू ग्रह दिसत असेल तर राजाला भय नाही, अशी सोय होतीच. चारही उत्तरे तोडग्याच्या बाजूची!

एका बॅबिलोनी बखरीतली कथा या दृष्टीने बोलकी आहे. इसीनचा राजा एर्रा-इमित्ती याने एन्लिल-बानी नावाच्या माळ्याला बदली राजा म्हणून बसवले. खरा राजा गरम पेज पिताना मेला, आणि माळी सिंहासनावरून उठलाच नाही. तोच राजा झाला. तोडगा सपशेल फसला होता. पण बदली राजा बसवण्याची प्रथा त्यानंतरही शतकानुशतके चालू राहिली.

गोष्ट इथेच संपली असती तर आपण तिला अंधश्रद्धेचे एक जुने उदाहरण म्हणून सोडून दिले असते. पण याच पंडितांना आणखी एक काम होते. एवढी तयारी करायची तर ग्रहण केव्हा होणार हे आधी कळायला हवे. राजा पत्रे पाठवून विचारी, ‘होणार की नाही?’ पंडित उत्तर देत, ‘या वेळी टळेल’ किंवा ‘होईल’. एका ठिकाणी ढग असले तरी चुकू नये म्हणून वेगवेगळ्या नगरांत निरीक्षक असत.

या उत्तराला पळवाट नव्हती. पौर्णिमेच्या रात्री चंद्र काळवंडे किंवा न काळवंडे. चूक साऱ्यांसमोर उघडी पडे. म्हणून नोंदी ठेवणे आवश्यक झाले. बॅबिलोनच्या ज्या रोजनिशा मिळाल्या आहेत, त्यांतली सर्वांत जुनी इ.स.पू. ६५२ ची, तर शेवटची इ.स.पू. ६१ ची. त्यांत चंद्र व ग्रहांच्या स्थितीबरोबर धान्याचे भाव आणि नदीची पातळीही नोंदलेली आहे. अशा नोंदींतून लक्षात आले, की २२३ चांद्रमासांनी, म्हणजे सुमारे १८ वर्षे ११ दिवसांनी, ग्रहणांचा क्रम पुन्हा येतो. याला आपण आज सारोस चक्र म्हणतो.

या नोंदींचा उपयोग टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात केला आणि आपणही करतो. १५ एप्रिल, इ.स.पू. १३६ रोजी बॅबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची नोंद आहे. पृथ्वी तेव्हापासून आजच्याच वेगाने फिरत आली असे धरून गणित केले, तर ते ग्रहण बॅबिलोनच्या बरेच पश्चिमेला दिसायला हवे होते. वेळेचा फरक सुमारे सव्वातीन तासांचा येतो. म्हणजेच पृथ्वीचे परिवलन मंदावत आहे. अशा प्राचीन नोंदी तपासून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दिवस शतकाला सुमारे १.८ सहस्रांश सेकंदाने लांबतो आहे.

त्याच दरबारातले, तेच पंडित. त्यांना मूर्ख किंवा लबाड म्हणून चालणार नाही. त्यांच्या एका विधानाला चुकण्याची संधी होती, ते सुधारत गेले आणि अडीच हजार वर्षांनीही उपयोगी पडते आहे. दुसऱ्याला ती संधीच नव्हती. ते होते तिथेच राहिले, आणि त्याची किंमत दम्कीने आणि त्या मुलीने दिली.

वर्गात हे दोन्ही करून पाहता येईल. १६ जुलै २००० आणि २७ जुलै २०१८ ही खग्रास चंद्रग्रहणांची जोडी मुलांना द्यावी आणि पुढचे ग्रहण शोधायला सांगावे. उत्तर येते ऑगस्ट २०३६ चा पहिला आठवडा संपतानाचे. ते ७ ऑगस्टला होईलही, पण भारतात तेव्हा सकाळ असेल आणि चंद्र मावळलेला असेल. असे का, हे चक्रात पूर्ण दिवसांच्या वर सुमारे एक तृतीयांश दिवस उरतो यावरून मुलांना काढू द्यावे. मग फळ्यावर चार चौकटी आखून मुलांनी ऐकलेला एखादा तोडगा त्यांत मांडायला सांगावा. कोणत्या चौकटीत ‘तोडगा खोटा’ असे लिहिता येते, ते त्यांनाच शोधू द्यावे.