१९,५०० की साडेएकोणीस लाख? परदेशातली नर्सिंगची नोकरी आणि एजंटची फी

२०१५ मध्ये सीबीआयने कोचीत एक गुन्हा दाखल केला. कुवेतच्या आरोग्य खात्यासाठी नर्सभरती करणाऱ्या एका एजन्सीला प्रत्येकीकडून १९,५०० रुपये घ्यायची परवानगी होती. तिने घेतले साडेएकोणीस लाख, असा आरोप होता. आकडा तोच, फक्त दोन शून्यं जास्त!

एवढे पैसे कुणी का देईल?

नर्सिंगचं शिक्षण अनेकींनी कर्ज काढून घेतलेलं असतं आणि छोट्या खासगी हॉस्पिटलचा पगार हप्त्यातच संपतो. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला किमान २० हजार रुपये पगार द्यावा, अशी शिफारस केली. एवढं सांगायलाही समिती लागली, यातच काय ते आलं. शिवाय अंमलबजावणी राज्यांच्या हाती. मग आखातातल्या पगारापुढे एजंटची फी 'गुंतवणूक' वाटू लागते.

सरकारने काय केलं?

पदवीधरांना परदेशी नोकरीसाठी सहसा 'इमिग्रेशन क्लिअरन्स' लागत नाही. नर्सना मात्र २०१५ पासून १८ ठरावीक देशांत जाताना तो सक्तीचा झाला. यात आखाती देश आहेत. भरतीही 'नोर्का रूट्स', 'ओडेपेक' यांसारख्या सरकारी संस्थांमार्फतच करायची, असं ठरलं. या दोन्ही संस्था केरळच्या.

पण ब्रिटन आणि जर्मनी त्या १८ देशांत नाहीत. आणि आता ओढा तिकडेच आहे.

तिकडे एवढी मागणी का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात ५८ लाख नर्स कमी आहेत. श्रीमंत देशांतल्या २३ टक्के नर्स परदेशात जन्मलेल्या आहेत. म्हातारी होत चाललेली जर्मनी तर थेट करार करते: २०२१ मध्ये केरळशी 'ट्रिपल विन', २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याचा महाराष्ट्राशी.

जायचं असेल तर?

जर्मनीत नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला साधारण बी-२ पातळीची जर्मन लागते. कामानंतर क्लास करायचा, तर यात बराच वेळ जातो. 'ट्रिपल विन'मध्ये उमेदवाराकडून भरतीची फी घेत नाहीत.

खासगी एजंट असेल, तर त्याचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर तपासा. परवानाधारक एजंटलाही ३० हजार रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पावती मागा. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवू नका.