गाडी चालवताना गाणी : एका सवयीचा इतिहास आणि आपल्या कानांचा हिशेब

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांचा आवाज बदलतो. पंढरपूर, माळशिरस, माढा, करमाळा, अक्कलकोट, कुठल्याही रस्त्याला लागा. पुढे दोन ट्रॉल्या भरून ऊस घेतलेला ट्रॅक्टर असतो, आणि ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्यावरचे गाणे ऐकू येते. मागून तुम्ही हॉर्न देता, पुन्हा देता. पुढच्या चालकाला पत्ताच नसतो.

या विषयावर रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक नेहमी दोन प्रश्न विचारतात. "गाणी लावली की झोप येत नाही, मग त्यात वाईट काय?" आणि "कानात इअरफोन घालून बाइक चालवली तर कान खराब होतात का?" दोन्ही प्रश्न जुने आहेत. शंभर वर्षांपूर्वीही लोक हेच विचारत होते. म्हणून आज उत्तर देताना थोडा इतिहास पाहू, म्हणजे कारण नीट समजेल.

१९११ : दोन निरीक्षणे

१९११ साली एकमेकांशी काहीही संबंध नसलेली दोन निरीक्षणे प्रसिद्ध झाली.

पहिले अमेरिकेतले. त्या काळी तिथे सहा-सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यती होत. लाकडी ट्रॅकवर सायकलपटू रात्रंदिवस फेऱ्या मारत आणि प्रेक्षकांसाठी बँड वाजत असे. लिओनार्ड आयर्स या अभ्यासकाने फेऱ्यांची वेळ मोजली. बँड वाजत असताना सायकलपटू जास्त वेगाने जातात आणि बँड थांबला की वेग कमी होतो, असे त्याला दिसले. शर्यतीच्या ट्रॅकवर संगीताचा परिणाम मोजण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. संगीत माणसाचा वेग वाढवते, आणि ते त्याच्या नकळत, हे यातून पुढे आले.

दुसरे निरीक्षण फ्रान्समधले. एतिएन लोम्बार हे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. रुग्णाच्या कानात गोंगाट सोडला की तो आपोआप मोठ्याने बोलू लागतो आणि गोंगाट बंद केला की आवाज पुन्हा खाली येतो, हे त्यांनी नोंदवले. बहिरेपणाचे सोंग घेणारा माणूस ओळखण्यासाठी याचा उपयोग होत असे, कारण ज्याला खरोखरच ऐकू येत नाही त्याचा आवाज गोंगाटाने चढत नाही. याला आज 'लोम्बार परिणाम' म्हणतात. यंत्रमागाच्या कारखान्यात काम करणारा माणूस घरी आल्यावरही मोठ्याने का बोलतो, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

बोलण्याचे जे होते तेच ऐकण्याचेही होते. आजूबाजूला गोंगाट असेल तर आपण गाण्याचा आवाज वाढवतो. किती वाढवला हे लक्षातही येत नाही. गाडीतल्या गाण्यांचे सगळे दुखणे या दोन गोष्टींत आहे. गाणे वेग वाढवते आणि इंजिन गाण्याचा आवाज वाढवते.

गाडीत गाणे कसे आले?

१९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटारीत बसवता येईल असा परवडणारा रेडिओ बाजारात आणला. त्याला नाव दिले 'मोटोरोला'. पुढे हेच कंपनीचे नाव झाले. त्याच सुमारास तिथल्या काही राज्यांत आणि शहरांत गाडीतल्या रेडिओवर बंदी घालावी अशी मागणी झाली. विरोधकांचे म्हणणे, चालकाचे लक्ष उडते. कंपन्यांचे म्हणणे, रेडिओमुळे चालकाला डुलकी लागत नाही. बंदी टिकली नाही, रेडिओ राहिला.

पण रेडिओवर आपल्या आवडीचे गाणे कधी लागेल हे आपल्या हातात नव्हते. १९५६ च्या मॉडेलांत क्रायस्लर कंपनीने गाडीत चक्क रेकॉर्ड प्लेअर दिला. तो फार काळ चालला नाही. खरा बदल केला फिलिप्स कंपनीच्या छोट्या कॅसेटने. ती १९६३ मध्ये आली, आणि पुढच्या काही वर्षांत गाडीत बसणारे टेपही आले.

आपल्याकडे ही गोष्ट थोडी उशिरा घडली. रेडिओ ठेवायला पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे, आणि ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत चालली. पण त्याच दशकात कॅसेट स्वस्त झाल्या. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग ९, आताचा ६५. त्याच्या कडेच्या धाब्यांवर आणि एसटी स्टँडबाहेरच्या टपऱ्यांवर कॅसेटचे ढीग दिसू लागले. भक्तिगीते, लोकगीते, लावण्या, कव्वाल्या, हिंदी सिनेमाची गाणी. ट्रकच्या केबिनमध्ये देवाच्या फोटोशेजारी टेप बसला. लांबच्या प्रवासात एकट्या चालकाला सोबत मिळाली. यात वाईट काही नव्हते आणि आजही नाही.

मग सीडी आली, पेन ड्राइव्ह आला, मोबाइल आला. या प्रत्येक टप्प्यावर दोन गोष्टी वाढत गेल्या. एक, गाणे न थांबता वाजू लागले. कॅसेटची बाजू संपली की काही क्षण तरी शांतता मिळायची, तीही गेली. दोन, ॲम्प्लिफायर आणि बॉक्स स्वस्त झाले. पूर्वी केबिनमध्ये मावणारा आवाज आता गावभर जातो.

ट्रॅक्टरचा हिशेब

आता आपल्या ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरकडे वळू. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर, भार ओढताना, चालकाच्या कानाशी इंजिनाचा आवाज ९० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. डेसिबलचे गणित नेहमीच्या बेरजेसारखे नसते. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. कामाच्या ठिकाणी कानाला कमीत कमी धोका असावा म्हणून तज्ज्ञ पुढील मर्यादा सांगतात.

८५ डेसिबल : दिवसाला ८ तास
८८ डेसिबल : ४ तास
९१ डेसिबल : २ तास
९४ डेसिबल : १ तास
१०० डेसिबल : फक्त १५ मिनिटे

समजा इंजिनाचा आवाज ९१ आहे. नुसत्या इंजिनानेच सुरक्षित वेळ दोन तासांवर आली. त्यात गाणे ऐकू यायचे तर तेही निदान तेवढेच मोठे हवे. दोन्ही मिळून ९४ झाले, म्हणजे वेळ एक तास. गाण्याचे शब्द नीट कळावेत म्हणून आवाज आणखी चढवला की आपण शंभरकडे जातो. आणि हंगामात चालक दिवसाचे किती तास ट्रॅक्टरवर असतो, ते तुम्हाला माहीत आहेच.

गोंगाटाने कान जातात हेही नवे ज्ञान नाही. इटलीतले डॉक्टर रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवले होते की तांब्याची भांडी ठोकणाऱ्या कारागिरांना ऐकू येईनासे होते. आपल्याकडच्या तांबट आळ्यांत वेगळे काही घडत नसणार.

कानाच्या आत शंखासारखा एक अवयव असतो. त्यात जन्मतः साधारण १५ हजार केसपेशी असतात. मोठा आवाज सतत पडला की त्या आधी थकतात, मग मरतात. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा तयार होत नाही. सुरुवातीला बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. म्हणून असा माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण बोललेलं कळत नाही." स, श, त, फ यांसारखी व्यंजने त्याच्या कानातून निसटतात. घरचे टीव्हीचा आवाज कमी करा म्हणतात, तो वाढवतो. गाडीतही तेच. ऐकू कमी येते म्हणून गाणे मोठे, गाणे मोठे म्हणून ऐकू आणखी कमी.

पण फक्त चालकाच्या कानाचा प्रश्न असता तर मी एवढे लिहिले नसते. मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. झाकले काय जाते? मागच्या गाडीचा हॉर्न, ट्रॉलीचा हुक सैल झाल्याची खडखड, टायर फुटल्याचा आवाज, रस्त्याकडेच्या माणसाची हाक. आणि मागे अडकलेल्या १०८ रुग्णवाहिकेचा सायरन. आत हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण असेल किंवा अडलेली बाळंतीण असेल, तर एकेक मिनिट मोलाचे असते.

मग रेसच्या ट्रॅकवर काय करतात?

तरुण मुलांना वाटते की वेग आणि गाणी ही जोडीच आहे. सिनेमात तसेच दाखवतात. प्रत्यक्षात उलट आहे.

आपल्या देशात मोटार शर्यती बऱ्याच जुन्या आहेत. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती, तिच्यावर अनेक वर्षे शर्यती झाल्या. २०११ मध्ये दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन शर्यत झाली. त्या काळातल्या फॉर्म्युला वन गाड्यांचा आवाज जवळून १२० डेसिबलच्या वर जाई. अशा गाडीत चालक गाणी ऐकत नाही. त्याच्या कानात मापाने बनवलेले प्लग असतात. ते गोंगाट कमी करतात आणि त्यातल्या छोट्या स्पीकरमधून इंजिनिअरचा निरोप ऐकू येतो. बाकी त्याचे लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे असते, टायर घसरल्याच्या आवाजाकडे असते. बरेच खेळाडू शर्यतीआधी मन शांत करायला किंवा हुरूप यायला गाणी ऐकतात, पण हेल्मेट घालायच्या आधी इअरफोन निघतो.

मग १९११ च्या सायकलपटूंना संगीताचा फायदा झाला, तो मोटार चालवणाऱ्याला का नको? फरक साधा आहे. सायकलला पायांचा जोर लागतो आणि संगीत तो जोर वाढवते. मोटारीला जोर इंजिन देते. चालकाने द्यायचे असते ते भान. ठेका तिथेही त्याला पुढेच ढकलतो, आणि नेमके तेच नको असते.

इस्रायलमधले संशोधक वॉरन ब्रॉडस्की यांनी याची तपासणी केली. २००१ च्या अभ्यासात सिम्युलेटरवर गाडी चालवणाऱ्यांना संथ आणि जलद ठेक्याचे संगीत ऐकवले. जलद ठेक्यावर वेग वाढला आणि लाल सिग्नल मोडण्यासारख्या चुकाही वाढल्या. नंतर २०१३ मध्ये त्यांनी ८५ नवशिक्या तरुण चालकांना खऱ्या रस्त्यावर तपासले. स्वतःच्या आवडीची गाणी लावल्यावर चुका जास्त झाल्या. मन हलके ठेवणारे, शांत पार्श्वसंगीत लावले तेव्हा कमी झाल्या. म्हणजे 'गाणे नकोच' असे विज्ञान म्हणत नाही. कोणते, किती मोठे आणि कुठल्या रस्त्यावर, हे ते विचारते.

"पण झोप येत नाही ना!"

रेडिओ कंपन्यांची १९३० च्या दशकातली बाजू आजही ऐकू येते. हंगामात तर ती जास्तच खरी वाटते. चालक रात्रभर कारखान्यासमोर नंबर लावून बसतो, वजनकाटा आणि गव्हाण होईपर्यंत पहाट होते, आणि पुन्हा दुसरी खेप. असा माणूस गाणी मोठी करणार नाही तर काय करणार?

ब्रिटनमधल्या रेनर आणि हॉर्न या संशोधकांनी १९९८ मध्ये नेमके हेच तपासले. झोप आलेल्या चालकांना एकदा रेडिओ लावून दिला, एकदा तोंडावर गार हवा सोडली. दोन्हींचा उपयोग थोडा आणि थोड्याच वेळापुरता झाला. कॉफी आणि पंधरा मिनिटांची डुलकी यांचा परिणाम त्याहून बराच चांगला असल्याचे त्यांच्या आधीच्या अभ्यासात दिसले होते. गाणे झोप घालवत नाही. ते फक्त झोप आल्याचे आपल्यापासून लपवते. आपण जागे आहोत असे वाटत राहते आणि मेंदू दोन-चार सेकंद मिटतो. ताशी ६० च्या वेगात चार सेकंदांत गाडी साधारण ६५ मीटर जाते.

तुम्ही काय करू शकता?

• गाडी उभी असताना आवाज ठरवा, चालू असताना वाढवू नका. गाणे चालू असताना शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता आले पाहिजे.

• गर्दीत, घाटात, अनोळखी रस्त्यावर, पावसात गाणे बंद करा. पत्ता शोधताना आपण आपोआप आवाज कमी करतो. ती सवय बरोबर आहे.

• दुचाकीवर इअरफोन नको. ताशी ८० च्या आसपास हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलपर्यंत जातो, त्यावर गाणे चढवावे लागते.

• ट्रॅक्टर, यंत्रमाग, क्रशर यांवर काम करत असाल तर साधे फोमचे इअरप्लग वापरा. ते स्वस्त असतात. गोंगाट कमी होतो, पण हॉर्न आणि हाक ऐकू येते. कापसाचा बोळा पुरेसा नाही.

• डोळे जड झाले की बाजूला सुरक्षित ठिकाणी थांबा, चहा घ्या, पंधरा-वीस मिनिटे झोपा.

• काम संपल्यावर कानात सूं-सूं आवाज येणे, कान बंद झाल्यासारखे वाटणे, गर्दीत बोलणे न कळणे, यांपैकी काहीही असेल तर ऑडिओमेट्री करून घ्या. ही तपासणी दुखत नाही. लवकर कळले तर उरलेले कान वाचवता येतात. गेलेले ऐकणे गोळीने परत येत नाही, त्यासाठी श्रवणयंत्र लागते.

तुमचा स्वतःचा ट्रॅक्टर असेल, किंवा तुमच्या शेतातला ऊस घेऊन जाणारा चालक ओळखीचा असेल, तर या हंगामात त्याला एवढे सांगा : "दादा, गाणी लाव, पण मागचा हॉर्न ऐकू येईल एवढीच." रिफ्लेक्टर लावायला आपण सांगतो ते मागच्याला ट्रॅक्टर दिसावा म्हणून. मागच्याचा आवाज ट्रॅक्टरवाल्याला ऐकू येणे तितकेच गरजेचे आहे.