रडवणाऱ्या कादंबऱ्या आणि न उच्चारलेली जात

नगर शहरातल्या एका वस्तीत आम्ही महिला बचत गटाच्या बैठका घेतो. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या-अंगठे झाले की बायका थोड्या निवांत होतात. अशाच एका बैठकीनंतर, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक ताई मोबाईलवर कादंबरी वाचत बसलेल्या दिसल्या. रोज एक भाग येणारी कादंबरी. काय वाचताय म्हणून विचारले तर आधी लाजल्या. मग म्हणाल्या, "आईनं मरताना सांगितलं की पोरगी ह्या घरची नाहीच. आता त्यांचं लग्न होतं का नाही ते बघायचं." डोळ्यांत पाणी होते. शेजारच्या मावशींनी विचारले, "मग पोरगी कुणाची निघाली? कोणत्या समाजाची?" ताई म्हणाल्या, "ते नसतं सांगितलेलं त्यात."

ते नसतं सांगितलेलं त्यात! समाजशास्त्रात एम.ए. करताना जातिव्यवस्थेवर आम्ही जी पुस्तके वाचली, त्यांतल्या कित्येक पानांचे सार त्या एका वाक्यात होते. म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. अशा कादंबऱ्या वाचणाऱ्या आमच्या आया-बहिणींची टिंगल करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या दुःखावर का होईना, पण मोकळेपणी रडायला जागा मिळते, ही छोटी गोष्ट नाही. आमचा प्रश्न वाचणाऱ्यांना नाही. प्रेम, घराणे, गुपित आणि काळजावरची जखम या चार गोष्टींवर मराठीत शेकडो कादंबऱ्या उभ्या राहिल्या. मग त्या गुपिताच्या मुळाशी असलेली जात त्यांतून कुठे गेली, हा आमचा प्रश्न आहे.

इतिहासाकडे वळू. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पद्मनजींच्या 'यमुनापर्यटन'चे नाव घेतले जाते. साल १८५७. विषय हिंदू विधवांचे हाल. म्हणजे मराठी कादंबरी जन्मली तीच घरातल्या बाईची जखम घेऊन. हे मोलाचेच आहे. पण त्याच्या दोनच वर्षे आधी, १८५५ साली, फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला होता. तो छापला 'ज्ञानोदय'ने, आणि हे नियतकालिक १८४२ साली सुरू झाले ते आपल्या नगरमध्ये. बाळंत होताना डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांचे हाल त्या मुलीने मांडले. विधवेच्या दुःखाची पुढे कादंबऱ्यांमध्ये परंपरा झाली. मुक्ताने मांडलेले दुःख मात्र कादंबरीत यायला शंभर वर्षे थांबावे लागले. कोणाचे दुःख 'हृदयस्पर्शी' ठरते आणि कोणाचे नाही, याचा निवाडा तेव्हापासूनच झालेला दिसतो.

आता 'गुपित' पाहू. या प्रकारच्या कादंबरीत एक मूल हमखास असते. कुणाचे ते लपवलेले, दुसऱ्याच्या पदरात घातलेले, मोठेपणी सत्य कळून उन्मळून पडणारे. लेखक त्याला नियतीचा खेळ म्हणतो. पण या लपवलेल्या मुलाला खरा इतिहास आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीमाईंनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. का काढावे लागले? सक्तीच्या वैधव्यात अडकवलेल्या ब्राह्मण स्त्रियांना घरातलेच पुरुष फसवत, आणि मूल झाले की त्याचा जीव घेण्यावाचून तिला वाट ठेवत नसत. अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, फुले दाम्पत्याने दत्तक घेतले. नियतीचा यात काडीइतकाही संबंध नव्हता. नियम होता, आणि तो माणसांनी केलेला होता.

तो नियम कोणता, हे बाबासाहेबांनी वयाच्या पंचविशीत सांगून ठेवले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीवर, हा त्यांचा मुद्दा. ही सक्ती टिकवायची तर लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या जातीत सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला की बाई 'जास्तीची' होते. ती जातीबाहेर लग्न करील तर कुंपण मोडेल, जातीत करील तर दुसऱ्या मुलीचा नवरा पळवील. म्हणून तिला जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेलेला पुरुष मात्र मोलाचा, त्याला जातीत अडकवून ठेवायचे तर लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चालींचा उगम बाबासाहेबांनी असा एका जागी दाखवला.

ही किल्ली हातात घेऊन रडवणाऱ्या कादंबऱ्या उघडून बघा. वडील लग्नाला 'नाही' का म्हणतात? घराण्याची अब्रू. अब्रू म्हणजे काय? मुलगी कुणाशी लग्न करते त्यावरचा ताबा. आई काय लपवते? मूल कुणाचे ते. ते लपवावे का लागते? जन्मावरून जात ठरते म्हणून. कादंबरीचा सगळा डोलारा जातीच्या पायावर उभा असतो, फक्त 'जात' हा शब्द पुस्तकात नसतो. तिच्या जागी 'नशीब', 'संस्कार', 'खानदान', 'दैवगती' असे शब्द पेरलेले असतात.

आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. मराठी प्रेमकथेचे सम्राट म्हणवले गेलेले ना. सी. फडके जन्मले १८९४ साली कर्जतला. 'जादूगार', 'दौलत', 'अटकेपार' या त्यांच्या कादंबऱ्यांनी शिकलेल्या तरुण पिढीला वेड लावले. वाचकाला पहिल्या पानापासून कसे धरायचे, उत्कंठा कशी वाढवायची, उलगडा कुठवर लांबवायचा, याचा त्यांनी शास्त्रासारखा विचार केला आणि 'प्रतिभासाधन' लिहिले. कला कलेसाठीच, ही त्यांची भूमिका. त्यांचे कौशल्य आम्ही नाकारत नाही. पण एकाच कर्जत तालुक्यात गावकुसाच्या आत आणि बाहेर अशी दोन जगे असताना त्यांतले एकच जग 'सुंदर' कसे ठरले, हा प्रश्न तंत्राच्या पुस्तकात येत नाही. प्रेमात पडायला फुरसत, कॉलेज आणि दिवाणखाना लागतो, असा समज त्या काळच्या कादंबरीने मराठी मनात घट्ट रुजवला. महारवाड्यातली माणसे प्रेम करतच नव्हती काय?

ही प्रेमकथा पुढे गावोगावी गेली. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, अनुदान मिळू लागले, आणि वाचनालयाच्या कपाटांत कादंबऱ्यांच्या रांगा लागल्या. चंद्रकांत काकोडकर, बाबा कदम, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर यांची पुस्तके पाने सुटेपर्यंत फिरली. काकोडकरांच्या 'निलांबरी'वर १९६९ साली 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट निघाला. भावाभावांचे घर, त्याग, आईचे अश्रू यांवर अख्खा देश रडला. याच काकोडकरांच्या १९६२ सालच्या 'रंभा' दिवाळी अंकातल्या 'शामा' या लेखनावर अश्लीलतेचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली त्यांची सुटका झाली. खटल्यामुळे मराठी साहित्यात वाद झाला तो शील-अश्लीलाचा. प्रेमकथेत शरीर किती दिसावे यावर एवढी शाई सांडली. जात का दिसत नाही, यावर असा वाद कोणी घातला?

याला मोठा अपवाद अण्णा भाऊ साठे. जेमतेम दीड दिवस शाळा पाहिलेल्या या माणसाने प्रेमही लिहिले, रक्तही लिहिले. 'वैजयंता'मध्ये तमाशातली बाई नायिका म्हणून उभी केली. त्यांच्याही पुस्तकांवर चित्रपट निघाले, त्यांचीही पुस्तके वाचनालयात झिजली. म्हणजे जातीचे वास्तव आले की वाचक पळतो, हा दावा खोटा आहे. तरी बरीच वर्षे समीक्षकांनी त्यांना दाराबाहेरच उभे केले.

आता एक खरी प्रेमकथा सांगतो. ती कादंबरीत नाही, एका पत्रात आहे. २९ ऑगस्ट १८६८ रोजी सावित्रीमाईंनी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिले. पंचांग घेऊन गावोगाव फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जमले. शारजा सहा महिन्यांची गरोदर होती. गावाला कळले. जमावाने दोघांना मारत, मिरवत जीव घेण्यासाठी नेले. सावित्रीमाई धावत गेल्या, सरकारी कायद्याची भीती घातली आणि दोघांना सोडवले. दोघांनी गाव सोडायचे या अटीवर जीव वाचला. माईंनी त्यांना जोतीरावांकडे पाठवून दिले.

प्रेम, घराणे, जखम, पोटातले मूल, जिवावरचा प्रसंग, सगळे यात आहे. फक्त इथे गुपित नाही. गणेश कोण, शारजा कोण, मारणारे का मारत होते, हे पत्र सरळ सांगते. म्हणूनच त्यात नुसते अश्रू नाहीत, सुटकेची वाटही आहे. रोग कळला तर औषध सापडते. नशीब म्हटले की रडण्यापलीकडे हातात काय उरते? आणि नगरकरांनी लक्षात ठेवावे, या माईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते याच शहरात, मिस फॅरार यांच्याकडे.

पण त्याच जिल्ह्यात, त्या पत्रानंतर जवळपास दीडशे वर्षांनी काय घडले? १ जानेवारी २०१३. नेवासा तालुक्यातील सोनई. सचिन घारू, संदीप थनवार, राहुल कंडारे या मेहतर समाजातील तीन तरुणांची हत्या झाली. कारण, एकाचे सवर्ण मुलीवर प्रेम. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २०१८ साली सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २८ एप्रिल २०१४. जामखेड तालुक्यातील खर्डा. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून नितीन आगे या १७ वर्षांच्या शाळकरी पोराचा जीव घेतला गेला. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयातून सर्व आरोपी निर्दोष सुटले. खर्ड्याच्या दोनच महिने आधी 'फँड्री' चित्रपटगृहांत लागला होता. सवर्ण मुलीवर जीव जडलेल्या पोराची ती गोष्ट. तिचे दिग्दर्शक नागराज मंजुळे चित्रपटाचे शिक्षण घेऊन गेले ते नगरच्याच कॉलेजातून. लोकांनी त्या जब्याच्या दगडाला टाळ्या वाजवल्या, आणि खर्ड्याला साक्षीदारांची तोंडे बंद झाली.

प्रेमकथेतले गुपित नायिकेच्या आईकडे असते. खर्ड्याचे गुपित अख्ख्या गावाकडे होते.

काही मित्र म्हणतील, कादंबरी करमणुकीसाठी असते, तिच्यावर एवढे ओझे कशाला? त्यांना आम्ही कामातला अनुभव सांगतो. आंतरजातीय लग्न करू पाहणारी जोडपी आमच्याकडे येतात. विशेष विवाह कायद्याखाली अर्ज केला की ३० दिवसांची जाहीर नोटीस लागते. ज्यांचा जीव गुप्ततेवर टांगलेला असतो, त्यांची नावे फलकावर येतात. अशा वेळी मुलीच्या तोंडून जे शब्द बाहेर पडतात ते आम्ही ऐकले आहेत. "माझ्या नशिबातच नाही." "आईच्या अश्रूंपुढे मी हरले." हे शब्द तिने कुठून आणले? मालिका आणि कादंबऱ्या तिला प्रेमाची भाषा देतात, पण हक्काची भाषा देत नाहीत. त्याग करणारी नायिका थोर, हे तिला पाठ असते. जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त लिहून ठेवले, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

आणि बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. गुपिते आमच्याही घरात आहेत. योगायोग बघा. १९७८ साली कर्जतचे फडके गेले आणि त्याच साली अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांचे 'बलुतं' आले. घरातले, वस्तीतले, स्वतःचे, सगळे त्यांनी उघडे केले. संशयापायी आपला पहिला संसार कसा मोडला, तेही लपवले नाही. आपल्यातलेच काही लोक चिडले, घरातली लक्तरे वेशीवर टांगली म्हणाले. बेबीताई कांबळे तर वीसेक वर्षे नवऱ्यापासून लपवून लिहीत राहिल्या. 'जिणं आमुचं' पुस्तक झाले १९८६ साली. जातीविरुद्ध लढणाऱ्या घरातही बाईची वही लपवावी लागत होती, हे आपण मान्य केले पाहिजे. आज पोटजात बघून सोयरिकी जमवणारे, धम्मदीक्षेनंतरही मुलीच्या प्रेमावर हात उगारणारे आपल्यात नाहीत काय?

म्हणून आमचे म्हणणे कादंबऱ्या जाळा असे नाही. वाचा, रडा, पण पुस्तक मिटताना मावशींनी विचारला तो प्रश्न विचारा: कोणत्या समाजाची? हे लपवल्याने कुणाचा फायदा झाला? आणि आपल्यातल्या लिहित्या पोरापोरींनी प्रेमकथा हा प्रकार परक्यांचा म्हणून सोडून देऊ नये. वेदनेइतकाच प्रेमावरही आपला हक्क आहे. गणेश-शारजाचे पुढे काय झाले असेल? पुण्यात खोली कशी मिळाली असेल, बाळंतपण कुणी केले असेल, आडनाव काय सांगितले असेल? ती कादंबरी कोणीतरी लिहायला हवी.

पुढच्या बैठकीत आम्ही बायकांना सावित्रीमाईंचे ते पत्र वाचून दाखवले. कादंबरीवाल्या ताई शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ह्यात सांगितलंय की सगळं." मावशी म्हणाल्या, "म्हणून तर पोरगी वाचली."

जय भीम!