ठिणगी कधी पडायची, हे कोण ठरवतं?

मागच्या रविवारी मी आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचं टायमिंग पहिल्यांदा स्वतः लावलं. पहिल्याच चढावर इंजिन टकटक वाजायला लागलं. शेजारी बसलेले मेकॅनिक चाचा म्हणाले, "ठिणगी लवकर पडतेय. असंच चालवलंस तर पिस्टन जाईल."

आता तुम्ही म्हणाल, हे गाडीचं गाडीला कळत नाही का? आज कळतं. पण शंभर वर्षांपूर्वी ते ड्रायव्हरलाच बघावं लागायचं.

१९०८ साली आलेली फोर्डची मॉडेल टी घ्या. स्टिअरिंगखाली डावीकडे एक दांडी होती, ठिणगी लवकर की उशिरा पाडायची ते ठरवणारी. हँडल मारून इंजिन चालू करताना ती 'उशिरा'वर ठेवायला विसरलात, तर पिस्टन वर पोचण्याआधीच पेट्रोल पेटायचं, हँडल उलटं फिरायचं आणि मनगट मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि ही भीती हळूहळू गेली.

मग ठिणगी लवकर पाडायचीच कशाला? कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण जळायला वेळ लागतो. समजा, २ मिलिसेकंद लागले. तेवढ्यात क्रँक ६०० आरपीएमला जेमतेम ७ अंश फिरतो, पण ३००० आरपीएमला ३६ अंश! म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडायला हवी.

पुढे हे काम डिस्ट्रिब्युटरमधल्या छोट्या वजनांनी उचललं. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप अलीकडे येते. पण सुरुवात कुठून करायची, ते मात्र माणसानेच लावायचं.

तेच चाचांनी परत करून घेतलं. आधी सीबी पॉइंटची गॅप, कारण ती बदलली की टायमिंगही बदलतं. मग पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर घेऊन पुलीची खूण जुळवली. कॉइलकडून पॉइंटला येणाऱ्या वायरला १२ व्होल्टचा बल्ब लावला, त्याचं दुसरं टोक बॉडीला. चावी ऑन करून डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवला. बल्ब पेटला, म्हणजे पॉइंट उघडला. तिथेच नट आवळला.

पुन्हा तोच चढ. टकटक बंद!

कुर्ल्याला बनलेली पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टॅक्सींमधून कायमची गेली. ज्यांनी आयुष्यभर या टॅक्सींची टायमिंग लावली, ते चाचांसारखे लोक आता घरी बसलेत. तुमच्या गल्लीत असा कुणी असेल, तर एक रविवार त्यांच्याकडे जा. बल्ब मी नेईन!